शाळेची हद्द आणि सांडपाण्याची वाहिनी

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) वुडवर्ड आणि क्राउन ही दोन हायस्कुले २०२७ साली सुरू करायची म्हणून आसपासच्या अनेक शाळांच्या हद्दी नव्याने आखण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हापासून या भागातील मराठी घरांमध्ये दुसरा विषय निघेनासा झाला. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे असताना पुढच्याने मागे वळून विचारावे, "तुमचा भाग कुठे जातोय?", आणि आपण कोणत्या गावाबद्दल नव्हे तर कोणत्या हायस्कुलाबद्दल बोलत आहोत हे दोघांनाही न सांगता कळावे, इतका तो मुरला आहे. वाद जरूर व्हावा. पण ज्या पद्धतीने तो चालतो ती पद्धत मला निकृष्ट वाटते. एक बाजू म्हणते, "आमची शाळा आमच्याकडून हिरावून घेतली जात आहे", दुसरी म्हणते, "तुम्हाला गरिबांची मुले शेजारी बसलेली चालत नाहीत." पहिलीला वाटते की आजची हद्द नदीनाल्यासारखी निसर्गाने घातलेली आहे. दुसरीला वाटते की विरोधकाचे मन उघडे पाडले म्हणजे प्रश्न सुटला. आज नकाशावर दिसणारी रेघ कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ओढली, हा त्याआधीचा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

माझे मत आधीच सांगतो. हद्दी बदलल्या पाहिजेत, ठरावीक काळाने बदलत राहिल्या पाहिजेत, आणि बदलताना शाळांतील गर्दी कमी करणे जितके महत्त्वाचे तितकेच गरीब आणि सधन घरांतील मुले एका इमारतीत यावीत हेही महत्त्वाचे मानले पाहिजे. मात्र हा दुसरा हेतू पहिल्याच्या आडून पुढे सरकवू नये. तो उघडपणे मांडावा आणि त्याची किंमत कोण मोजणार तेही उघडपणे सांगावे.

भारतातील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण हवे. अमेरिकेतील सरकारी शाळेत प्रवेश बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरतो. रस्त्याच्या या कडेचे घर एका हायस्कुलात जाते, पलीकडचे दुसऱ्या, आणि त्या रस्त्यामुळे घरांच्या किमती बदलतात. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली बोस्टनच्या उपनगरांत नेमकी हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरे तपासली, तेव्हा शाळेचे परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात असे दिसले. शाळा फुकट असते. फी गृहकर्जाच्या हप्त्यात भरलेली असते. आपल्याकडचे लोक हे पहिल्या वर्षातच शिकतात. घर पाहायला गेल्यावर स्वयंपाकघर उघडण्याआधी फोनवर शाळेचे दहापैकी गुण उघडतात.

मॉन्टगोमेरीच्या धोरणात हद्द आखताना चार गोष्टी पाहायच्या असतात: विद्यार्थ्यांची सामाजिक-आर्थिक घडण, भौगोलिक जवळीक, मुलांची शाळा वारंवार न बदलणे आणि इमारतीच्या क्षमतेचा वापर. २०१८ साली त्यात दुरुस्ती करून विद्यार्थ्यांतील वैविध्यावर विशेष भर देण्यात आला, आणि तेव्हापासून भांडण या चौघांत पहिला मान कोणाचा याचे आहे. हे भांडण कोणत्या थराला जाऊ शकते ते पाहायचे तर शेजारच्या हॉवर्ड काउंटीतील २०१९ साल आठवावे. तिथे ईशान्येकडील हॉवर्ड आणि लाँग रीच या हायस्कुलांत मुले मावत नव्हती, तर पश्चिमेकडे बाके रिकामी होती. काउंटीच्या शाळांचे अधीक्षक मायकल मार्टिरानो यांनी त्या ऑगस्टमध्ये सुमारे ७,४०० मुलांच्या शाळा बदलण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यात गरिबीचे प्रमाण शाळाशाळांत अधिक सारखे करणे हा हेतू न लपवता लिहिला. मग रस्त्यावर मोर्चे निघाले, सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालल्या, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा मंडळाने सुमारे ५,४०० मुलांना हलवणारा आराखडा मंजूर केला. या काउंटीत गाड्यांच्या मागे सौजन्याचे आवाहन करणारे 'चूज सिव्हिलिटी'चे स्टिकर असतात. त्या तीन महिन्यांत ते स्टिकर फारच केविलवाणे दिसत होते.

पण पश्चिमेकडे बाके रिकामी का होती? मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील इथे सापडतो, आणि सुनावण्यांत त्याचा उल्लेख जवळजवळ होत नाही. हॉवर्ड काउंटीच्या नकाशावर एक रेघ आहे, जिच्या पूर्वेला सार्वजनिक पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची वाहिनी मिळते आणि पश्चिमेला मिळत नाही. पश्चिमेच्या घराला स्वतःची विहीर आणि स्वतःची सेप्टिक टाकी लागते. त्यासाठी मोठा भूखंड लागतो. मोठ्या भूखंडावर अपार्टमेंटच्या इमारती उभ्या राहत नाहीत. आणि अपार्टमेंट नसतील तर भाड्याने राहणारे, नुकतेच देशात आलेले, दोन-दोन नोकऱ्या करणारे कुटुंब तिथे पोहोचतच नाही. शेतजमीन वाचवणे, धरणांच्या पाण्याचे रक्षण करणे अशी त्या रेघेमागची कारणे चांगलीच आहेत. परंतु तिचा परिणाम असा झाला की शाळेत सवलतीच्या जेवणाला पात्र असलेली मुले (म्हणजे ज्यांच्या घरचे उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत आहे ती) एका बाजूला दाटली आणि दुसऱ्या बाजूला नावापुरती उरली. कोणत्याही शाळा मंडळाने यावर मतदान केले नव्हते. मलनिस्सारणाच्या नळाने जे आखले, ते शाळेच्या नकाशाने गिरवले, इतकेच. तेव्हा "सामाजिक अभियांत्रिकी करू नका" असे जे बजावतात, त्यांना विचारावेसे वाटते की ही आधी झालेली अभियांत्रिकी कोणत्या सदरात घालायची?

आता विरोधातील मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला घराचा. तिशीतील जोडपे दोघांचे पगार एकत्र करून, भारतातील आईवडिलांना पाठवायच्या पैशांना कात्री लावून, विशिष्ट शाळेच्या हद्दीत तीस वर्षांच्या कर्जावर घर घेते. चार वर्षांनी त्यांना सांगितले जाते की तुमचा पॉलिगॉन (नकाशावर प्रत्येक वस्तीला असा क्रमांक दिलेला बहुकोनी तुकडा असतो) आता दुसऱ्या शाळेत. त्यांना फसवले गेल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या त्या भावनेला लोभ म्हणणे हा अन्याय आहे. मात्र फसवले कोणी? मेरीलँडच्या कायद्यात अमुक एका शाळेत जाण्याचा हक्क कोणालाच नाही. हद्द आखणे हे स्थानिक मंडळाचे काम आहे आणि ती बदलू शकते हे पहिल्यापासून लिहिलेले आहे. जे विकले गेले ते विकणाऱ्याच्या मालकीचे नव्हतेच. रस्त्याला समोर मोकळे मैदान आहे म्हणून जास्त भावाने घेतलेल्या फ्लॅटपुढे उद्या महापालिकेने दवाखाना बांधला तर दुःख होईल, परंतु मैदानावर दावा सांगता येणार नाही. शिवाय या तक्रारीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे: ज्या किमतीच्या रक्षणासाठी आपण झगडतो ती किंमत टिकते ती इतरांना आत येता येत नाही म्हणून. त्या रकमेची वसुली सरकारी शाळेने करून द्यावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुसरा मुद्दा घराजवळच्या शाळेचा. शाळा जवळ असावी, मूल मित्रांसोबत चालत जावे, आईला संध्याकाळच्या पालकसभेला पोहोचता यावे, यात खोट काढण्यासारखे काही नाही. कंडक्टर नसलेल्या त्या पिवळ्या बसमध्ये भल्या पहाटे अंधारात चढणारे चौदा वर्षांचे मूल पाहिले की वीस मिनिटांचा प्रवास चाळीस मिनिटे करणाऱ्या आराखड्याचा रागच येतो. पण जवळीक हे तत्त्व म्हणून किती जुने आहे ते पाहावे. याच हॉवर्ड काउंटीत १९६५ पर्यंत कृष्णवर्णीय मुलांसाठी हॅरिएट टबमन हे एकमेव हायस्कूल होते. संपूर्ण काउंटीतून मुले बसने तिथे येत, वाटेत गोऱ्यांसाठी असलेल्या जवळच्या शाळा ओलांडून. सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतरही अकरा वर्षे हे चालले. त्या काळात शेजारच्या शाळेचा पुळका कोणाला आल्याची नोंद नाही. अंतर हा आक्षेप तेव्हा सुचला नाही, तो बस उलट्या दिशेने निघाल्यावर सुचला.

इथे बोस्टनचे नाव निघतेच, आणि ते निघाले की वाद संपला असे मानले जाते. १९७४ च्या जूनमध्ये न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना शाळांत एकत्र आणण्याचा आदेश दिला, सप्टेंबरमध्ये रॉक्सबरीची कृष्णवर्णीय मुले साउथ बोस्टनच्या शाळेत निघाली आणि त्यांच्या बसवर दगड पडले. निष्कर्ष असा काढला जातो की मुलांना हलवण्याचा प्रयोग फसला. मला त्यातला धडा निराळा दिसतो. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की शाळांत वांशिक वेगळेपण आणण्यात ज्या उपनगरांचा हात सिद्ध झालेला नाही त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. म्हणजे बोस्टनमध्ये गरीब गोऱ्यांची आणि गरीब काळ्यांची मुले आपापसांत हलवली गेली आणि सधन उपनगरांतील एकाही घराला झळ लागली नाही. ज्याच्याकडे सोडून जाण्याची ऐपत होती तो गेला. ओझे फक्त दोन दुबळ्यांच्या पाठीवर टाकले, म्हणून ते कोसळले. मेरीलँडमध्ये मात्र शाळा काउंटीच्या असतात. वेगवेगळ्या गावांची वेगवेगळी मंडळे नसतात. बोस्टनच्या वेळी जे न्यायालयामुळे अशक्य झाले, ते इथे मंडळाच्या एका बैठकीत शक्य आहे. मग बोस्टनचा दाखला नेमका कशासाठी?

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो सद्भावनेने घेतला जातो. मुलांना इकडून तिकडे नेऊन शाळांची सरासरी बदलेल, मुलांचे काय बदलेल? त्यापेक्षा गरीब मुलांच्या शाळेला अधिक पैसा द्या, वर्ग लहान करा, चांगले शिक्षक पाठवा. ऐकायला हे पटते, आणि मॉन्टगोमेरीने ते करूनही पाहिले आहे. तिथे गरिबी अधिक असलेल्या प्राथमिक शाळांना लहान वर्ग आणि ज्यादा निधी दिला जात होता. त्याच वेळी, १९७० च्या दशकापासून त्या काउंटीत नियम आहे की मोठ्या गृहप्रकल्पातील काही घरे परवडणाऱ्या किमतीची असली पाहिजेत, आणि त्यांपैकी काही घरे सरकारी गृहनिर्माण संस्था विकत घेऊ शकते. त्यामुळे सार्वजनिक घरांतील कुटुंबे सधन वस्त्यांतही विखुरलेली होती, आणि कोणाला कुठे घर मिळावे हे बव्हंशी चिठ्ठीसारखेच ठरत होते. हेदर श्वार्ट्झ या संशोधिकेने २००१ ते २००७ या काळात अशा ८५८ मुलांचा मागोवा घेतला. त्यांपैकी काही ज्यादा निधीच्या शाळेत गेली, काही ज्या शाळेत गरिबी कमी आहे अशा साध्या शाळेत. प्राथमिक शाळा संपेपर्यंत दुसऱ्या गटातील मुले गणितात स्पष्टपणे पुढे गेली होती. सधन मुलांशी असलेले त्यांचे सुरुवातीचे अंतर जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते. ज्यादा पैसा व्यर्थ गेला असे यातून मी म्हणत नाही, पण पैशाने जे साधले नाही ते सोबतीने साधले, एवढे म्हणायला हरकत नसावी. सोबत म्हणजे काही गूढ नव्हे. पुढच्या वर्षी कोणता गणिताचा वर्ग निवडायचा हे ज्यांच्या घरी माहीत आहे अशी मुले शेजारी असणे, नवा शिक्षक दर वर्षी सोडून न जाणे, नळ गळत असेल तर शाळेला फोन करून पिच्छा पुरवणारे चार पालक असणे, हे सारे त्यात येते. अर्थात हा अभ्यास प्राथमिक शाळांचा होता, घरासकट हललेल्या मुलांचा होता. चौदाव्या वर्षी नुसती शाळा बदलून तितकाच लाभ होईल असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि फेरआखणीचे समर्थक हे सोयीस्करपणे विसरतात.

समर्थकांबद्दल आणखी बोलायला हवे. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला वंशवादी ठरवण्याची जी सवय त्यांना लागली आहे, तिने त्यांच्याच बाजूचे नुकसान केले. कर्जबाजारी होऊन आलेल्या स्थलांतरिताला "तुम्ही पिढीजात फायदा घेत आहात" असे सुनावले की तो जो ऐकून घेत होता तोही ऐकायचे थांबवतो. पण आपल्या लोकांचे उत्तरही मला तितकेच तोकडे वाटते. "आम्ही कष्टाने मिळवले, कोणाचे हिसकावले नाही" हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी आले की मला कोल्हापूर आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वेगळ्या शाळांना अनुदान वाढवून देणे त्यांना सोपे गेले असते. विरोधही झाला नसता. मुले एका पटावर आली पाहिजेत हे त्यांनी ओळखले होते. आणि फार मागे जायचे नसेल तर २०२४ चा फेब्रुवारी महिना घ्या. महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तेव्हा भारतातील बातम्या वाचून हळहळणारे, "गरिबाच्या पोराला दार लावले" असे लिहिणारे माझेच मित्र इकडे स्वतःच्या पॉलिगॉनसाठी फलक रंगवत होते. तिथेही अंतराचाच आधार घेतला गेला होता. एक किलोमीटर.

विकासकांना परवाने देऊन काउंटीने स्वतःच गर्दी ओढवून घेतली, आता भुर्दंड मुलांना का, हा चौथा आक्षेप खराच आहे. शाळेत जागा नसेल तर घरबांधणी थांबवणारा हॉवर्डचा नियम २०१८ मध्ये कडक झाला तो उशिराच झाला. पण हा आक्षेप उद्याच्या घरांना लागू पडतो. बांधून झालेल्या घरांतील मुले आज पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत बसली आहेत आणि सात-आठ मैलांवर पक्के वर्ग मोकळे आहेत, याचे उत्तर त्यात नाही. नवे हायस्कूल बांधा म्हणाल तर हॉवर्डने तेही केले. जेसपमधील गिलफर्ड पार्क हायस्कूल २०२३ साली उघडले. नव्या इमारतीला मुले हवीत, आणि ती कुठून तरी आणायची म्हणजे हद्द पुन्हा बदलायचीच.

मग करायचे काय? कायद्याचे दार बंद नाही. २००७ साली सिएटल आणि लुइव्हिलच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने एकेका मुलाला वंश पाहून शाळा देण्याची पद्धत मोडीत काढली. तरी न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या वेगळ्या मतात, वस्त्यांची घडण ढोबळमानाने लक्षात घेऊन हद्दी आखायला मोकळीक ठेवली. आणि इथे तर मोजमाप वंशाचे नाही, उत्पन्नाचे आहे. माझा आग्रह वेळेबाबत आहे. हॉवर्डमध्ये २०१९ साली जे घडले त्याचे एक कारण असे की तोवर मोठी फेरआखणी पुनःपुन्हा टळत आली होती, आणि थकबाकी एकदम वसूल करायची म्हटल्यावर हजारो घरांत एकाच रात्री कलह पेटला. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीने २०२४ मध्ये दर पाच वर्षांनी हद्दी तपासण्याचा नियम केला, तो मला शहाणपणाचा वाटतो. पाच वर्षांनी रेघ हलू शकते हे घर घेणाऱ्याला माहीत असेल तर रेघेची किंमत आपोआप उतरेल आणि पुढच्या वेळी भांडणही कमी होईल. वरच्या दोन इयत्तांतील मुलांना हलवू नये, धाकट्या भावंडाला मोठ्यासोबत राहू द्यावे. आणि एकच गरीब वस्ती दर फेरीला उचलली जात नाही ना, याचा हिशेब प्रत्येक आराखड्यासोबत छापावा. हा शेवटचा मुद्दा मला नकाशे पाहून सुचलेला नाही.

मी राहतो त्या काउंटीतही काही वर्षांपूर्वी अशी एक फेरी झाली आणि पहिल्या आराखड्यात आमचा पॉलिगॉन होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, नकाशा चारशे टक्के मोठा करून आम्ही दोघे आमची गल्ली शोधत होतो. सुनावणीला आमच्या वस्तीतून इतक्या गाड्या गेल्या की वाहनतळ अपुरा पडला. प्रत्येकाच्या हातात तीन मिनिटांचे छापील निवेदन होते, वकील शेजाऱ्याने तपासून दिलेले. माझ्याही होते. आमच्या आधी एक बाई बोलायला उठल्या. त्यांच्या अपार्टमेंटचा पॉलिगॉनही यादीत होता. त्या स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, दुभाषा इंग्रजीत सांगत होता, आणि त्यामुळे तीन मिनिटांतले दीड मिनिटच त्यांच्या वाट्याला आले. मुलाची शाळा सहा वर्षांत तिसऱ्यांदा बदलणार आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. पुढच्या आराखड्यातून आमचा पॉलिगॉन वगळला गेला. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पेढ्यांची चित्रे आली, मीही एक टाकले. त्या बाईंच्या अपार्टमेंटचे काय झाले ते पाहायला त्याच पानावर खाली सरकायचे होते. मी लॅपटॉप मिटला.